एकतीस डिसेंबरला सतरा पूर्ण

रविना पहिल्यांदा मोजली गेली ती कानानं.

साखरशेतच्या शाळेत पुंजा गुरुजी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आईबाप पोरं घेऊन समोर उभे राहायचे. जन्माचा दाखला फार थोड्यांकडे. कोणी घरात सुईणीच्या हाती जन्मलेलं, कोणी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. तिथं दाखला कोण देणार, भट्टीचा मालक? मग गुरुजी पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. बोटं कानाला लागली की पोर पहिलीत. नाही लागली तर घरी जा, पेज खा, पुढच्या वर्षी ये.

रविनाचा हात कान ओलांडून गालापर्यंत आला.

"ही तर घोडी झाली रे ढवळू," गुरुजी तिच्या बापाला म्हणाले. "सात कधीच पुरी झालीत हिला. इतके दिवस कुठं होती?"

"भट्टीवं," ढवळू म्हणाला.

गुरुजींनी पेन उघडलं आणि जन्मतारीख लिहिली एक जून. साल असं लिहिलं की पोरीला बरोबर पाच पूर्ण. गावातली निम्मी माणसं एक जूनचीच होती. त्या तारखेला या डोंगरातल्या सगळ्या बायका एकदम बाळंत व्हायच्या बहुतेक.

"दोन-अडीच वर्षं कमी केली," गुरुजी आवाज खाली आणून म्हणाले. "उद्या पोरगी नोकरीला लागली तर तेवढी वर्षं जास्त करील. माझ्याकडनं भेट समज."

ढवळूनं हात जोडले. शेळीचं वय तिचं तोंड उघडून दातांवरून सांगणारा माणूस तो. कागदावर दात पाडता येतात हे त्याला त्या दिवशी कळलं.

पुढं दुसरीची परीक्षा झाली आणि रविना सुट्टीपुरती पुन्हा आईबापाबरोबर भट्टीवर गेली. जूनमध्ये परत आली ती ताडासारखी वाढून. गुरुजींनी पोरांना उंचीनं ओळीत उभं केलं, तर ती चौथीच्या पोरींत जाऊन बसत होती. "तिसरीच्या बाकात तुझे गुडघे मावायचे नाहीत," असं म्हणून त्यांनी तिला सरळ चौथीत टाकलं. तिसरी राहिली ती राहिलीच. कोणाला तिची आठवणही झाली नाही. रविना हुशार होती, तिनं चौथी ओढून नेली. भट्टीवर तिसरंच माप होतं: डोक्यावर बारा विटा घेऊन मान न वाकवता चाललं की बाई पुरी. ते माप तिनं आठवीच्या दिवाळीत भरलं.

कानानं ती मोठी, उंचीनं मोठी, विटांनीही मोठी. लहान होती ती फक्त गुरुजींच्या पेनानं. आणि सरकारला दुसरं काही वाचताच येत नाही.

नर्स व्हायचं तिच्या डोक्यात आलं ते गावच्या आरोग्य उपकेंद्रात. तिथल्या सिस्टर लांबच्या जिल्ह्यातल्या. पाड्यावरच्या म्हाताऱ्या त्यांना आपल्या बोलीत आजार सांगायच्या आणि सिस्टर मान हलवून सगळ्यांना एकाच रंगाची गोळी द्यायच्या. आश्रमशाळेला सुट्टी लागली की रविना मध्ये बसायची, हिचं तिला सांगायची, तिचं हिला. सिस्टर एकदा म्हणाल्या, "अगं, तू नर्स हो आणि माझी इथून सुटका कर." त्या गमतीत बोलल्या. रविनानं ते खरं धरलं.

आश्रमशाळेत बारावी सायन्स. जीवशास्त्राचे सर तासाच्या बोलीवर यायचे, जानेवारीत येईनासे झाले. उरलेले धडे पोरींनी आपसांत वाटून घेतले आणि एकमेकींना शिकवले. रविनाला अडुसष्ट टक्के पडले. नर्सिंगची सीईटी दिली, त्यातही तिचा नंबर वर लागला. जव्हारला एसटी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरणारा संदीप तिला म्हणाला, "सरकारी कॉलेज पक्कं तुझं. आपल्या जमातीच्या मुलींत तुझ्यावर दोघीच आहेत. पेढे आण." मग कागद तपासायला नाशिकला बोलावणं आलं.

ढवळू पांढरा सदरा घालून निघाला. प्लास्टिकच्या पिशवीत घरातले होते नव्हते ते सगळे कागद, रेशनकार्डासकट. कमी पडायला नको.

तपासणीच्या हॉलमध्ये मोठी रांग होती. टेबलामागच्या मॅडमनी कागद एकेक करून पाहिले. जातीचा दाखला, जात वैधता, गुणपत्रिका. प्रत्येकावर त्या बारीक खूण करत होत्या आणि प्रत्येक खुणेला ढवळू मान हलवत होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, मग शेजारच्या सरांना दाखवलं. त्यांनीही मोजलं.

"तू लहान आहेस," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे?"

"या वर्षीच्या एकतीस डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात. तुला सोळा आणि सात महिने होतात. बारावीपर्यंत कोणी पाहिलं नाही का हे?"

उत्तर ढवळूनं दिलं.

"लहान नाय मॅडम. घोडी हाय."

रांगेतली माणसं हसली. मॅडमही हसल्या, पण ओठांनीच.

"काका, इथे तारीख लिहिलीय."

"ती गुरुजींनी लिवलीय. बाप मी हाय. आमच्या शेजारी गोदी हाय, तिची रोहिणी. हिच्यामागनं आठ दिवसांनी झाली ती. तिला विचारा."

"रोहिणीचा दाखला आहे?"

"हाय ना! गोदी अडली व्हती, जीपनं जव्हारच्या दवाखान्यात नेली. तिथं दाखला दिला. रोहिणी एकोणीसला आली आता. लगीन झालं, मतदानाचं कार्ड हाय."

"आणि हिचा?"

ढवळू पिशवीतले उरलेले कागद चाळू लागला. रविनाची आई काशी घरीच सुखरूप सुटली होती. तिला काही झालं नाही, म्हणून कागदही झाला नाही.

"पर ही थोरली हाय ना मॅडम," तो पुन्हा म्हणाला. "धाकटी एकोणीसची आन् थोरली सोळाची, आसं कुठं आसतंय काय?"

"कागदावर असतं, काका."

मग ढवळूनं जे केलं ते त्याच्याशिवाय कोणी केलं नसतं. तो लेकीकडे वळला आणि म्हणाला, "बाय, कान धर."

रविनाला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं उजवा हात उचलला, डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. कान धरूनही बोटं खाली जबड्यापर्यंत येत होती. अख्ख्या हॉलसमोर ती तशी उभी राहिली. मागच्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, "काय चुकलं गं पोरीचं?"

"बघा," ढवळू म्हणाला. "कुठपर्यंत येतोय बघा."

मॅडम वाईट नव्हत्या. माणूस वाईट असतं तर बरं झालं असतं, शिवी तरी देता आली असती. त्यांनी पंखा ढवळूकडे वळवला, पाणी मागवलं आणि समजावून सांगितलं. दहावी झाली की जन्मतारीख बदलून मिळत नाही. मार्क चांगले आहेत. जात वैध आहे. फक्त वय बसत नाही.

"पुढच्या वर्षी ये. तेव्हा आपोआप पात्र होशील."

"हे मार्क चालतील?" रविनानं विचारलं.

"बारावीचे चालतील. सीईटी परत द्यावी लागेल."

"मग पात्र व्हायला मी काय करू?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. खरं उत्तर द्यावं की नाही, असा. "काहीच नाही गं," त्या म्हणाल्या. "नुसतं थांबायचं."

रविनानं कान सोडला. हाताला मुंग्या आल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, स्टँडपर्यंत, एसटीत, पार त्र्यंबक मागं पडेपर्यंत. रडू येईल म्हणून ती वाट पाहत होती. ते काही आलं नाही. ढवळू मांडीवर पिशवी घेऊन समोरच्या सीटची पाठ बघत होता. मोखाडा आलं तसा तो एकदम उठला.

"उतर. गुरुजींकडं जाऊ."

"काय करायचंय?"

"काय नाय. सांगू तरी."

पुंजा गुरुजींनी निवृत्त झाल्यावर मोखाड्यात स्लॅबचं घर बांधलं होतं, वर एक खोली चढवलेली. गुरुजी पायरीवर बसून तंबाखू मळत होते. तोंडात दात थोडे उरले होते, पण नजर तीच. "आली घोडी!" ते ओरडले. "ऐकलं मी, सायन्स काढलंस म्हणे. रुपी, च्या टाक. आपली पोरगी आलीय."

ढवळूनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुरुजींची मळणारी बोटं थांबली. त्यांनी मनाशी हिशेब केला, मग पुन्हा केला.

"तिसरी," ते म्हणाले. "तिसरी गाळली ना आपण हिची. ती गाळली नसती तर बसलं असतं."

"आन् साल खरं लिवलं असतं तर?" ढवळूनं विचारलं.

"तर काय! पण नर्सिंगला कमी वयाची अट असते हे मला काय माहीत रे? जास्तीची असते हे माहीत. आपलं पोर कधी कुठं वेळेवर पोचलंय, सांग? नापास होतं, भट्टीवर जातं, दोन वर्षं घरी बसतं, तवा कुठं नोकरीच्या दारात उभं राहतं आणि तिथं सांगतात, वय गेलं तुझं. माझ्या डोळ्यांसमोर किती गेली अशी. म्हणून मी वर्षं कमी लिहायचो. उशिराचा हिशेब केला होता मी." त्यांनी रविनाकडे पाहिलं. "तू लवकर पोचशील असं मला वाटलंच नाही गं."

रविनानं त्यांच्या बोटांकडे पाहिलं. आपल्याला सात-साडेसात वर्षांची असताना बघून या माणसानं ठरवून टाकलं होतं की ही मागं पडणार. प्रेमानं ठरवलं होतं. उपाय करून ठेवला होता.

रुपीबाईंनी चहा आणला. गुरुजींना जरा धीर आला. त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली, कोण पोलिसात लागला, कोण एसटीत कंडक्टर, कोण वनखात्यात. सगळे त्यांच्या हातचे एक जूनवाले. सगळे निवृत्तीच्या वेळी पाया पडून जातील.

"माझी तारीखही एक जूनच," ते म्हणाले. "माझ्या गुरुजींनी मला तीन वर्षं सोडली होती. ही वरची खोली त्या तीन वर्षांच्या पगारातली बघ."

सगळ्यांनी वर पाहिलं. खोलीला अजून प्लास्टर व्हायचं होतं.

"एक वर्ष थांब," गुरुजी म्हणाले. "काय होतंय? दोन-अडीच वर्षं फुकट दिली होती तुला, त्यातलं एक परत घेतलं सरकारनं. तरी दीड उरतंय." ते हसले. हसणारे ते एकटेच आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी तंबाखू तोंडात टाकला.

"गुरुजी, मी खरी कधीची?" रविनानं विचारलं.

"खरी?" पुंजा गुरुजींना प्रश्न कळला नाही. "खरी तारीख घेऊन काय करणार? ती कुठं लागत नाही."

घरी अंगणात गोदी आणि रोहिणी वाटच बघत होत्या. रोहिणी पोटुशी होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. ढवळूनं सांगितलं आणि गोदी पेटली.

"नाय म्हणजे काय नाय? काशीचा पान्हा आटला तवा माझं दूध पाजलं मी हिला. रोहिणी एका बाजूला, ही एका बाजूला. आन् सरकार सांगतंय तवा ही झालीच नव्हती? मंग मी पाजत व्हते कोणाला, भुताला?"

"आजपास्नं मी थोरली," रोहिणी म्हणाली. "ये, पाया पड ताईच्या."

रविना खरंच वाकली. रोहिणीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "शाळा शिक, मोठी हो, मंग तुझं लगीन करू" असा आशीर्वाद दिला. सगळ्या हसल्या. काशीही हसली. रविनाही हसली, आणि हसताना तिच्या ध्यानात आलं की हसू गळ्याच्या वरच आहे. खाली काही हललं नाही.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. भाताची रोपं लावून आवणी झाली. नागली झाली. रविनाला आश्रमशाळेच्या वसतिगृहात जागा नव्हती, कारण ती आता विद्यार्थी नव्हती. कॉलेजच्या वसतिगृहात नव्हती, कारण तिला कॉलेज नव्हतं. एके दिवशी ती भाताच्या खाचरात असताना संदीपचा फोन आला.

"शेवटची फेरी संपली," तो म्हणाला. "ऐक, आपल्या जमातीची मुलींची एक जागा रिकामी राहिली त्या कॉलेजात. पात्र उमेदवार नाही, असं आलंय."

"हं."

"रविना? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"नवे फॉर्म निघाले की कळवतो. तारीख तर आता बसेलच."

"कळव."

तिनं फोन कंबरेला खोवला आणि विळा उचलला. तिला राग यायला हवा होता. वाचणाऱ्याला येत असेल तर त्यानं तो स्वतःजवळ ठेवावा. तिच्याजवळ त्या दिवशी कापायचं भात होतं.

दिवाळी उलटली आणि मुकादम नवसूचा ट्रक आला. घर अख्खं चढलं. ती एकटी घरी राहून करणार काय? सीईटीचं पुस्तक तिनं कपड्यांच्या बोचक्यात घातलं. भट्टीवर पहिल्या दिवशी तिनं डोक्यावर विटा रचून घेतल्या, मान न वाकवता चालली, आणि नवसूनं कोणाला काही न विचारता तिला पुऱ्या बायांत धरलं.

डिसेंबरचे शेवटचे दिवस. मालकाचा पोरगा थर्टी फर्स्टसाठी शेडमध्ये स्पीकर बांधत होता. तेवढ्यात नवसू धावत आला.

"तपासणी! अठराच्या आतली पोरं मागं तुरीत जा! उठा, पळा!" पोरं सवयीनं उठली आणि तुरीच्या शेतात शिरली. नवसूची नजर रविनावर पडली. "तू कसाला हुबी? आधारवर सोळाची हायस तू. पळ!"

रविनाच्या डोक्यावर विटा होत्या. त्या उतरवायच्या, पळायचं, तुरीत बसायचं, परत यायचं, परत रचायच्या. तिला त्या सगळ्याचाच कंटाळा आला.

"मी नाय जात."

"मला खड्ड्यात घालशील! बरं, मंग अठरा सांग. कोणी काय पण इचारलं तरी अठरा."

कामगार खात्याचा साहेब आला. बुटांना माती लागू नये म्हणून विटांच्या तुकड्यांवरून पाय टाकत होता. हातात पॅड. बायांची नावं विचारत, वय विचारत तो रविनापर्यंत पोचला.

"नाव?"

"रविना ढवळू."

"वय?"

नवसू साहेबाच्या पाठीमागं उभा राहून मान डोलवत होता. अठरा, अठरा.

"एकोणीस," रविना म्हणाली.

साहेबानं वर पाहिलं नाही. दाखला मागितला नाही. बोटांवर मोजलं नाही. त्यानं लिहिलं, एकोणीस. नाशिकच्या हॉलमध्ये जे बापाला, गोदीच्या दुधाला आणि कानाला जमलं नव्हतं, ते इथं एका शब्दात झालं. विटा वाहायला ती पात्र होती.

"शिक्षण?"

"बारावी सायन्स."

आता त्यानं मान वर केली. तिच्या डोक्यावरच्या विटा पाहिल्या. "मग इथे काय करतेस?"

"थांबलेय."

तो पुढं काही येईल म्हणून पेन धरून उभा राहिला. मग तो शेजारच्या बाईकडे वळला.

जीप गेली. तुरीतून पोरं अंग झटकत बाहेर आली. नवसू हसत हसत तिच्याजवळ आला.

"मी अठरा सांग बोललो, तू आनखी एक चढवलंस! भारी खोटं बोलतेस गं तू. डोळ्याची पापणी नाय हलली."

"हो," रविना म्हणाली. डोक्यावरची चुंबळ एका बाजूला सरकली होती, ती तिनं एका हातानं नीट केली आणि ती चालू लागली.